पन्नास, सत्तेचाळीस, चव्वेचाळीस : वजाबाकीच्या आकृतिबंधांचा आढावा

प्राथमिक शाळेच्या गणितात एक प्रश्न हमखास भेटतो. ५०, ४७, ४४, मग एक रिकामी चौकट, मग ३८, पुन्हा चौकट. वर सूचना असते, ‘आकृतिबंध पूर्ण करा’. मूल ४१ आणि ३५ लिहिते, बाई बरोबरची खूण करतात आणि पान उलटते. प्रश्न इतका लहान आहे की त्याच्याजवळ थांबावे असे कुणाला वाटत नाही. तरी या एका ओळीत वजाबाकीचा सराव आहे, दशक सुटा करण्याची अडचण आहे, भागाकाराची पूर्वतयारी आहे आणि पुढे दहावीत ‘अंकगणिती श्रेढी’ म्हणून येणाऱ्या विषयाचे बीजही आहे. आपल्या वर्गांमध्ये मुलांकडून हे क्रम भरून घेतले जातात, पण क्रम तयार करायला क्वचितच सांगितले जाते, आणि त्यामुळे या प्रश्नाचा निम्म्याहून अधिक उपयोग वाया जातो, असे माझे मत आहे. ते का, हे पाहण्यासाठी आधी मुलाला ही ओळ उतरताना नेमके काय करावे लागते ते पाहू.

चढता क्रम आणि उतरता क्रम ही एकाच कामाची दोन रूपे आहेत, असे मोठ्यांना वाटते. मुलांच्या दृष्टीने तसे नसते. ४४ मधून ३ वजा करायचे आहेत आणि मूल अजून एकेक मोजूनच उत्तर काढते असे समजा. त्याला तोंडाने त्रेचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस असे खाली यायचे आहे आणि त्याच वेळी बोटांवर एक, दोन, तीन असे वर जायचे आहे. दोन मोजण्या, दोन विरुद्ध दिशा, एकाच क्षणी. आर्थर बरूडी या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये वजाबाकीतल्या अडचणींची चिकित्सा करताना नेमक्या या दुहेरी मोजणीवर बोट ठेवले होते. बेरजेत दोन्ही मोजण्या वरच्या दिशेने जातात, म्हणून तिथे गोंधळ कमी होतो. शिवाय सरळ अंकांची उजळणी मुलाने हजार वेळा केलेली असते आणि उलटे अंक फारच थोड्या वेळा म्हटलेले असतात.

मराठी मुलाच्या वाट्याला यात आणखी एक चढण येते. ३२ पासून ३-३ ने उतरा: बत्तीस, एकोणतीस, सव्वीस, तेवीस. बत्तीसवरून एकोणतीसवर येताना दशक बदलले, तिसाच्या घरातून आपण विसाच्या घरात उतरलो. पण कानाला अजून ‘तीस’ हेच ऐकू येते. म्हणून एकोणतीस लिही म्हटले की कितीतरी मुले ३९ लिहितात. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ अशी ही गाठ एकोणनव्वदपर्यंत प्रत्येक दशकाला लागते, आणि उतरत्या क्रमात ती नेमकी तिथेच लागते जिथे दशक ओलांडायचे असते. बाकीच्या नावांत एकक आधी आणि दशक नंतर, लिहिताना मात्र उलट; म्हणून सव्वीसचे ६२ होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ अशी पर्यायी वाचनपद्धत आली आणि केवढा गहजब झाला! वाद विधानसभेपर्यंत गेला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी शांतपणे समजावून सांगितले होते की जुनी नावे काढलेली नाहीत, जोडाक्षरांनी आणि उलट क्रमाने अडखळणाऱ्या मुलांसाठी एक सोपी वाट दिली आहे. त्या पद्धतीबद्दल कुणाचे मत काहीही असो, तिच्यामागचे निरीक्षण अचूक होते. तीस दोन, वीस नऊ, वीस सहा, वीस तीन असा क्रम एकदा म्हणून पाहिला की दशक कुठे मोडला ते कानालाच कळते. उतरत्या क्रमाचा सराव घेताना तरी आधी ही नावे आणि मग रूढ नावे अशी जोडी लावणे मला योग्य वाटते.

आता चुकांकडे वळू, कारण या विषयातला सर्वांत मौल्यवान भाग तिथे आहे. ५० पासून ३ ने उतरायला सांगितले आणि एका मुलाने ५०, ४८, ४६, ४४ असे लिहिले. बाईंना वाटेल, याने २ वजा केले, सूचना नीट वाचली नाही. बहुतेक वेळा तसे नसते. मुलाने ‘पन्नास, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस’ अशी तीन बोटे मोजली आणि थांबले. जिथे उभे आहोत ती संख्याही त्याने मोजली. त्याचा नियम चुकीचा असला तरी तो प्रत्येक पायरीवर इमानाने पाळला गेला आहे. दुसरे मूल ४१ पर्यंत बरोबर येते आणि पुढे ४२ लिहिते. त्याने एककाच्या घरात १ मधून ३ जात नाहीत म्हणून ३ मधून १ काढला आणि २ मांडले. तिसरे मूल ४१ नंतर ४८ लिहिते. त्याने दशक सुटा केला, ११ मधून ३ गेले, ८ उरले, इथवर सगळे बरोबर. चारचे तीन करायचे तेवढे राहिले.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीच्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला. त्यांचे म्हणणे असे की मुलांच्या बऱ्याचशा चुका वेंधळेपणाने झालेल्या नसतात. मूल एक ठरावीक पण सदोष रीत सातत्याने वापरत असते, आणि ती रीत ओळखता आली तर त्याचे पुढचे चुकीचे उत्तर आधीच सांगता येते. हा विचार आकृतिबंधाला फार जवळचा आहे. ४१ − ३ हे उदाहरण एकटे फळ्यावर असेल तर ४२ किंवा ४८ या उत्तरांत डोळ्याला खटकण्यासारखे काही नसते. पण ५०, ४७, ४४, ४१, ४८ अशी ओळ समोर आली की उतरता क्रम मध्येच वर चढलेला दिसतो. चूक दाखवायला शिक्षक लागत नाही, ओळच दाखवते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वहीपाशी पोचणे कठीण असते. तिथे स्वतःची चूक स्वतःला दिसेल असा सराव ही मोठीच सोय आहे. म्हणून हातच्याच्या वजाबाकीची वीस सुटी उदाहरणे घालण्यापेक्षा वीस पायऱ्यांचा एक उतरता क्रम घालावा.

याची गरज किती आहे ते ‘असर’च्या पाहणीत दिसते. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन ही पाहणी होते आणि तिच्यात दोन अंकी हातच्याची वजाबाकी हा एक टप्पा असतो. देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी निदान एवढी वजाबाकी करू शकणारी मुले २०१८ मध्ये २८.२ टक्के होती, २०२२ मध्ये २५.९ टक्के आणि २०२४ मध्ये ३३.७ टक्के. सुधारणा खरी आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. तरीही तिसरीतल्या तीन मुलांपैकी साधारण दोघे अजून त्या पायरीच्या अलीकडे आहेत. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात संख्यांवरील क्रियांबरोबर आकृतिबंध हा स्वतंत्र घटक मानला आहे. पण वर्गात तो रांगोळीच्या आणि मण्यांच्या नक्षीपाशी रेंगाळतो. त्याची वजाबाकीशी गाठ घालून दिली जात नाही.

साधनांची उणीव म्हणावी तर तशी नाही. दहा-दहा मण्यांची, दोन रंगांत आलटून-पालटून ओवलेली शंभर मण्यांची माळ जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत भिंतीवर टांगलेली असते. ५० व्या मण्यापाशी चिमटा लावायचा आणि तीन-तीन मणी मागे सरकायचे. ४१ वरून मागे येताना एक मणी एका रंगाचा जातो आणि दोन दुसऱ्या रंगाचे, म्हणजे ३ ची फोड १ आणि २ अशी झाली. दशक ओलांडण्याची ही सर्वांत साधी रीत आहे: आधी ४० वर या, मग उरलेले दोन काढा. माळेवरून कागदावर यायचे तर नुसती एक आडवी रेघ ओढावी. तिच्यावर खुणा नसाव्यात, आकडे मुलानेच लिहावेत. नेदरलँड्समधल्या शाळांनी ही रिकामी संख्यारेषा १९९० च्या दशकात रुळवली. तिचा गुण असा की मुलाने तीनची उडी एका दमात मारली की एक-दोन अशी तोडून मारली, हे वहीत उमटते.

शंभरी तक्ता हे तिसरे साधन, आणि उतरत्या क्रमांसाठी ते अक्षरशः खाण आहे. तक्त्यात १० वजा म्हणजे बरोबर वरचे घर. ९ वजा म्हणजे एक घर वर आणि एक उजवीकडे, ११ वजा म्हणजे एक वर आणि एक डावीकडे. ९५ पासून ९ ने उतरत जा: ९५, ८६, ७७, ६८, ५९, ५०, ४१, ३२, २३, १४, ५. दशक एकेकाने उतरतो आणि एकक एकेकाने चढतो. अंकांची बेरीज करून पाहिली तर पहिल्या पाच संख्यांत ती १४ येते आणि ५० पासून एकदम ५ होते. मध्येच काय झाले? ५९ मधून ९ काढताना दशक मोडावाच लागला नाही, म्हणून एकक ९ वरून ० वर आले आणि दशक तिथेच राहिला. हे मुलांना शोधू द्यावे, सांगू नये. तसेच एककांचे. ५० पासून ३ ने उतरलो तर एककात ०, ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३ असे दहाही अंक येतात आणि मग फेरी पुन्हा सुरू होते. ४ ने उतरलो तर ०, ६, २, ८, ४ हे पाचच, आणि ५ ने उतरलो तर दोनच. असे का, याचे पूर्ण उत्तर तिसरीत मिळणार नाही, पण प्रश्न तिसरीतच पडू शकतो. तक्त्याबद्दल एक वाद मात्र लक्षात ठेवावा. १ सगळ्यात वरच्या ओळीत असल्यामुळे संख्या कमी होताना बोट वर सरकते, आणि ‘उतरणे’ या शब्दाशी ते जुळत नाही. म्हणून काही जण १ ते १० ची ओळ तळाशी ठेवतात. मला ती मांडणी पटते. नवा तक्ता रंगवायचाच असेल तर तसा रंगवावा.

बाजारात वजाबाकी वेगळ्याच तऱ्हेने होते. सत्तावीस रुपयांची भाजी घेऊन पन्नासची नोट दिली तर भाजीवाली पन्नासमधून सत्तावीस वजा करत बसत नाही. ती सत्तावीसवर तीन ठेवते, तीस म्हणते, वर वीस ठेवते, पन्नास म्हणते. फरक भरून काढत वर जाणे हीसुद्धा वजाबाकीच आहे, आणि कॅरन फ्युसन यांनी १९८६ मध्ये ती शाळेत रीतसर शिकवता येते हे दाखवले. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर येत होती, आणि तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडले की बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर येत होते. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. निष्कर्ष दोन्हीकडून बोचणारा आहे: बाजारातली मुले शाळेतल्या मांडणीत अडखळतात आणि शाळेतली मुले बाजारातल्या हिशेबात. उतरत्या क्रमाचा एक प्रकार या दोघांमधला पूल होऊ शकतो. सुरुवातीच्या चौकटी रिकाम्या ठेवा: __, __, ३३, २७, २१. इथे नियम वजाबाकीचा आहे, पण उत्तर बेरजेने मिळते. ३९, ४५ असे मागे जाताना वजा आणि अधिक एकमेकांना कसे उलगडतात ते मुलाला स्वतःच्या हातांनी कळते. पाठ्यपुस्तकांत रिकामी चौकट बहुधा शेवटी असते. ती सुरुवातीला हलवली तरी प्रश्नाचा पोत बदलतो.

मधल्या चौकटींची गोष्ट आणखी निराळी. ६०, __, __, __, ४०. फरक वीसचा आणि चौकटी तीन. मूल २० ला ३ ने भागायला जाते आणि अडते. चौकटी तीन असल्या तरी उड्या चार आहेत, म्हणून ५ ची उडी: ६०, ५५, ५०, ४५, ४०. खांब आणि त्यांमधल्या मोकळ्या जागा यांच्या संख्येतला हा एकचा फरक पुढे दहावीपर्यंत पिच्छा सोडत नाही. ५०, ४७, ४४ या क्रमातली दहावी संख्या विचारली की मुले ५० मधून दहा वेळा ३ काढून २० सांगतात. दहाव्या संख्येपर्यंत नऊच उड्या असतात, उत्तर २३. दहावीच्या बीजगणितात n वजा १ शिकवताना शिक्षक कपाळाला हात लावतात, त्या वजा एकचा अर्थ दुसरी-तिसरीत चौकटी आणि उड्या मोजून सहज लागू शकतो.

काही प्रश्न मुळातच अपुरे असतात आणि तरीही परीक्षेत येतात. ‘६४, ३२, __’ याचे उत्तर १६ की ०? निम्मे करत गेलो तर १६, बत्तीस वजा करत गेलो तर ०. ‘२०, १९, १७, __’ यात एक, दोन, तीन असे वाढते आकडे वजा केले तर १४ आणि एक-दोन, एक-दोन अशी आळीपाळी केली तर १६. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत बुद्धिमत्ता चाचणीतल्या संख्यामालिकांचा भरपूर सराव होतो, आणि तिथे एकच पर्याय बरोबर धरलेला असतो. परीक्षेची ती गरज मी समजू शकते. पण वर्गात ‘१६ लिहिणाऱ्याने कोणता नियम पाहिला असेल?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. नियम सांगून उत्तर देणारे मूल बरोबर आहे. नियम न सांगता छापील उत्तराशी जुळलेले मूल बरोबर आहे की नाही, ते आपल्याला अजून कळलेलेच नाही.

उतरत्या क्रमांखेरीज वजाबाकीच्या आकृतिबंधांचे दुसरे एक घराणे आहे, त्यात संपूर्ण उदाहरणेच ओळीने मांडलेली असतात. १५ − ८, २५ − ८, ३५ − ८ ही एक मांडणी: उत्तराचा एकक ७ वरच राहतो. ६३ − २८, ६४ − २९, ६५ − ३० ही दुसरी: दोन्ही संख्या एकाने वाढल्या, फरक ३५ च राहिला, आणि तिसरे उदाहरण तर तोंडी झाले. या दुसऱ्या मांडणीत वजाबाकीची एक जुनी रीतच दडलेली आहे. वरच्या संख्येच्या एककात दहा मिळवायचे आणि खालच्या संख्येच्या दशकात एक मिळवायचा, फरक बदलत नाही. ही रीत आणि दशक सुटा करण्याची रीत यांत कोणती चांगली, याची सुमारे चौदाशे मुलांवरची तुलना ब्राउनेल आणि मोझर यांनी १९४९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. समजावून शिकवलेली दशक सुटा करण्याची रीत सरस ठरली आणि पुढे तीच रूढ झाली. त्या निष्कर्षाशी माझे भांडण नाही. पण फरक कायम राहतो ही गोष्ट मुलांना रीत म्हणून नको असेल तरी आकृतिबंध म्हणून जरूर दाखवावी, कारण १०० − ३७ च्या जागी ९९ − ३६ मांडून हातच्याची कटकट टाळणारे मूल संख्यांकडे पाहायला शिकलेले असते.

आता क्रम तयार करण्याकडे येऊ. ‘एक उतरता क्रम तयार करा’ एवढेच सांगितले तर निम्मा वर्ग १०, ९, ८ लिहून मोकळा होतो. काही अट घालावी लागते, आणि अटीतच सगळी मजा आहे. ‘असा क्रम करा ज्यात ५० ही येईल आणि ३८ ही.’ फरक १२ चा, म्हणून उडी १, २, ३, ४, ६ किंवा १२ ची. ५ ची उडी घेतलेले मूल ५०, ४५, ४०, ३५ असे येते आणि ३८ वरून सटकते. मग ते पुन्हा मागे जाते. बारा कुणाकुणाने भागला जातो याचा शोध इथे कुणीही ‘विभाजक’ हा शब्द न उच्चारता लागतो. ‘२४ पासून निघून बरोबर शून्यावर टेकणारे सगळे क्रम शोधा’ हा त्याचाच भाऊ. १, २, ३, ४, ६, ८, १२, २४ एवढ्याच उड्या चालतात. ५ ने निघालेला क्रम ४ वर येऊन थांबतो, आणि तो ४ म्हणजेच पुढच्या इयत्तेतली बाकी. पुन्हा पुन्हा वजा करणे म्हणजे भागाकार, हे वाक्य पाठ करून घेण्याची मग गरज उरत नाही.

माझा सर्वांत आवडता प्रश्न मात्र उलटा आहे: या क्रमात कोणती संख्या कधीच येणार नाही? ५०, ४७, ४४ असे जात राहिलो तर २० येईल का, ३० येईल का? बहुतेक मुले आधी सगळा क्रम लिहून पाहतात. थोड्या वेळाने एखादे मूल म्हणते, ‘पन्नासमधून तीस गेले वीस, आणि वीस तीनच्या पाढ्यात नाही, म्हणून तीस येणार नाही.’ संपूर्ण ओळ न लिहिता तिच्याबद्दल खात्रीने बोलता येणे ही गणितातली मोठी झेप आहे, आणि ती घ्यायला पाढे आणि वजाबाकी यांपलीकडे काही लागत नाही. मुलांनी स्वतः क्रम रचून शेजाऱ्याला द्यावा, शेजाऱ्याने चौकटी भराव्यात आणि एक संख्या मुद्दाम चुकवून ‘चूक शोधा’ म्हणावे. जो चूक लपवतो त्याला क्रम सोडवणाऱ्यापेक्षा अधिक समजावे लागते.

रचलेला क्रम कुठवर नेऊ शकतो याचे सर्वांत झळझळीत उदाहरण आपल्याच मातीतले आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे मूळचे डहाणूचे आणि पेशाने नाशिकजवळ देवळालीतले शाळाशिक्षक. विद्यापीठातले पद नाही, हाताशी संशोधनाची यंत्रणा नाही, आणि आवड एकच, संख्यांशी खेळण्याची. १९४९ मध्ये त्यांनी दाखवले की सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहान करा, वजाबाकी करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि तिथेच राहता. ३५२४ घेऊ. ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ केले तरी ६१७४ च. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिले आणि जगभर हे नाव पोचले. एनसीईआरटीच्या २०२४ च्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’ या पुस्तकात आता हा खेळ आहे. मला तो आणखी लहान मुलांपर्यंत न्यावासा वाटतो, आणि त्यासाठी तीन अंकी रूप आहेच. ८२१ घ्या: ८२१ − १२८ = ६९३; ९६३ − ३६९ = ५९४; ९५४ − ४५९ = ४९५. इथे सगळे रस्ते ४९५ ला मिळतात. वर्गातल्या प्रत्येक मुलाने तिन्ही अंक सारखे नसलेली आपापली संख्या घ्यावी. हातच्याची काही उदाहरणे प्रत्येकाची होतील, आणि ज्याचा शेवट ४९५ वर येणार नाही त्याला कुठेतरी चुकले हे न सांगता कळेल. मधली सगळी उत्तरे ९९ च्या पाढ्यातली असतात हे पाचवीतली मुले ओळखू शकतात. दोन अंकी संख्यांत शेवट एका संख्येवर होत नाही, तिथे ८१, ६३, २७, ४५, ९ असे वर्तुळ फिरत राहते, ९ ला ०९ मानून ९० − ०९ केले की पुन्हा ८१. हे वर्तुळ दुसरीच्या मुलांच्याही आवाक्यातले आहे.

असाच एक खेळ इटलीच्या एन्रिको डुची यांच्या नावाने ओळखला जातो. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार संख्या लिहा, प्रत्येक बाजूच्या मध्यावर दोन टोकांचा फरक लिहा, ते चार बिंदू जोडून नवा चौकोन करा. १२, ५, ९, २० घेतले तर ७, ४, ११, ८. मग ३, ७, ३, १. मग ४, ४, २, २. मग ०, २, ०, २. मग चारही २ आणि शेवटी चारही शून्य. पूर्ण संख्या कोणत्याही घ्या, शून्य येतेच. सर्वांत जास्त वेळ टिकणारा चौकोन कोण करतो अशी पैज लावली की मुलांची वही वजाबाकीने भरून जाते.

राहिला शेवटचा प्रश्न, जो पाठ्यपुस्तक टाळते आणि मुले विचारतात. ५०, ४७, ४४ करत करत आपण ५ वर येतो, २ वर येतो. पुढे काय? ‘दोनातून तीन जात नाहीत’ असे उत्तर दिले जाते आणि सहावीत पूर्णांक संख्या आल्या की तेच मागे घ्यावे लागते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या हिशेबाचे नियम लिहून ठेवले होते. आपण तिसरीच्या मुलाला ते शिकवू नयेत, पण ‘जात नाहीत’ असेही सांगू नये. ‘आत्ता आपल्या ओळखीच्या संख्यांत पुढचे घर नाही’ हे खरेही आहे आणि पुरेसेही. लिफ्टमध्ये तळमजल्याखाली वजा एक पाहिलेले मूल ते घर स्वतःच सुचवेल: २, −१, −४. पुढच्या इयत्तांत याच ओळीवर मोठी मदार असते. ३ × २ = ६, ३ × १ = ३, ३ × ० = ०, उत्तर दर वेळी ३ ने उतरते, म्हणून ३ × (−१) चे उत्तर −३. आता −३ चा पाढा उलटा घ्या: −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ०, उत्तर दर वेळी ३ ने चढते, म्हणून −३ × (−१) चे उत्तर ३. ऋण गुणिले ऋण धन का, याचे मुलाला पटेल असे कारण या दोन ओळींत आहे, आणि ते पटण्यासाठी क्रमाचा नियम शून्यापाशीही मोडायचा नाही, एवढाच हट्ट त्याच्याजवळ असावा लागतो.